तिसांतला एक

चार वर्षं मी ज्या कामात होतो ते काम एका सोमवारी सकाळी साडेअकराच्या मीटिंगमध्ये संपलं. पूर्ण होऊन संपलं असतं तर गोष्ट वेगळी. बंद केलं. मीटिंग वीस मिनिटांची होती, त्यातली पाच प्रोजेक्टर चालू होत नव्हता त्यात गेली. नंतर चहाच्या मशीनपाशी एक मित्र समजूत काढायला म्हणाला, "अरे, पगार तर मिळाला ना चार वर्षं? मग?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण तो "मग?" बरेच दिवस कानात राहिला.

कुणाचं चुकलं, काय व्हायला हवं होतं वगैरे इथे लिहिणार नाही. ते घरात बोलून बोलून बायकोला पाठ झालंय. लिहायचंय ते एका चिनी माणसाबद्दल. तो मला भेटला तोही आडवाटेनेच.

झालं असं, की त्याच फेब्रुवारीत मुलीला खोडदला घेऊन गेलो होतो. नारायणगावच्या पुढे, द्राक्षांच्या बागा आणि कांद्याची शेतं ओलांडून गेलं की जीएमआरटीच्या तबकड्या दिसायला लागतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही खोडदला एकत्र आणि बाकीच्या लांबवर पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे जत्राच असते. शाळांच्या बस, प्रयोगांचे तक्ते, वडापाव. आत शिरताना मोबाईल बंद करायचा, कारण आपल्या खिशातला फोन त्या दुर्बिणीला आभाळातल्या कुठल्याही ताऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडताना ऐकू येतो.

माहिती सांगायला उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याला मुलीने विचारलं, "यापेक्षा मोठी आहे का कुठे?" तो म्हणाला, "एकच तबकडी म्हणशील तर चीनमध्ये आहे. पाचशे मीटरची. अख्खी दरी भरून. ज्याने बांधली तो वर्षभरात गेला." पुढची शाळा आली आणि तो तिकडे वळला.

"ज्याने बांधली तो वर्षभरात गेला" हे वाक्य घेऊन मी घरी आलो. रात्री शोधायला बसलो आणि मग कित्येक रात्री तेच वाचत राहिलो. (ऑफिसचं काही वाचायचं नव्हतंच!)

त्यांचं नाव नान रेन्दोंग. जन्म १९४५, चीनच्या ईशान्येला जीलिन प्रांतातल्या ल्याओयुआन गावचा. मुलगा हुशार. १९६३ मध्ये बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात रेडिओ अभियांत्रिकीला गेला. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत नंबर लागल्यावर गल्लीत पेढे वाटतात, त्यातली गोष्ट. पण शिक्षण संपेतो सांस्कृतिक क्रांती सुरू झाली होती. १९६८ मध्ये त्यांची रवानगी थोंगह्वा नावाच्या गावातल्या रेडिओच्या कारखान्यात झाली आणि तिथे गेली दहा वर्षं.

वयाची तेविसाव्यापासून तेहेतिसाव्यापर्यंतची दहा वर्षं. आपल्या मुलांची त्या वयातली दोन वर्षं 'वाया' गेली तरी आपण नातेवाइकांकडे जाणं टाळतो. इथे दहा गेली, आणि ती गेली की कामी आली हे तेव्हा कुणीच सांगू शकलं नसतं. त्या कारखान्यात नान हाताने काम करायला शिकले. ट्रान्झिस्टर रेडिओ बनवायचा म्हणजे नुसती आकृती काढून भागत नाही. साचा, पत्रा, डाग देणं, सगळं समजावं लागतं. पुढे पन्नाशी-साठी उलटल्यावर बांधकामावर उभं राहून ते कामगारांशी पत्र्याच्या जाडीबद्दल आणि जोडणीबद्दल बोलत, असं त्यांच्याबद्दलच्या आठवणींत परत परत येतं.

१९७८ च्या सुमारास चीनमध्ये उच्च शिक्षणाची दारं पुन्हा उघडली तेव्हा नान परत बीजिंगला आले आणि खगोलशास्त्रात शिरले. एम.एस्सी., मग पीएच.डी. मग बीजिंगच्या वेधशाळेत नोकरी. त्यांचा विषय होता दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून आकाशगंगांच्या धगधगत्या गाभ्यांची चित्रं काढणं. त्यासाठी नेदरलँड्स, जपान अशी भटकंती झाली. चांगला, परदेशातही ओळख असलेला शास्त्रज्ञ. इथेच थांबले असते तरी आयुष्य व्यवस्थित गेलं असतं.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो होतो.

चीनमध्ये रेडिओ खगोलशास्त्राचा पाया घातला तो वांग शोउग्वान यांनी. त्या सुरुवातीच्या काळात त्यांना मदत करायला ऑस्ट्रेलियाहून एक माणूस १९६३ पासून पुन्हा पुन्हा येत असे. त्याचं नाव क्रिस्टियनसन. चीनशी जगाने फारसे संबंध ठेवले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. बीजिंगजवळच्या मियुनला नऊ मीटरच्या अठ्ठावीस तबकड्यांची ओळ उभी राहिली, त्यामागेही त्याचा सल्ला होता. आता गंमत बघा. याच क्रिस्टियनसनने सिडनीला सूर्याच्या निरीक्षणासाठी सहा-सहा फुटांच्या बत्तीस तबकड्या बसवल्या होत्या. पन्नाशीच्या दशकात एक भारतीय तरुण त्याच तबकड्यांवर काम शिकला. त्यांची तिथली गरज संपल्यावर त्या भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ मध्ये उभ्या राहिल्या कुठे, तर आपल्या कल्याणला! तो तरुण म्हणजे गोविंद स्वरूप. पुढे उटीची दुर्बीण आणि मग खोडदची जीएमआरटी उभी करणारे. म्हणजे लोकलने आपण ज्या कल्याणवरून जातो, त्या कल्याणचा आणि मियुनचा मामा एकच.

असो. परत नान यांच्याकडे.

१९९३ मध्ये जपानमधल्या क्योटोला रेडिओ विज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे चर्चा निघाली, की पृथ्वीवरचा रेडिओ गोंगाट वाढत चाललाय. तो सगळं आभाळ बुजवून टाकण्याआधी साऱ्या देशांनी मिळून एक महाप्रचंड दुर्बीण बांधावी. अशी कल्पना हवेत होतीच. १९९१ मध्ये गोविंद स्वरूप यांनीही एका आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीचा विचार मांडला होता. नान तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या मनाने घेतलं की ही दुर्बीण चीनमध्ये बांधता येईल.

त्या वेळी चीनमधल्या सर्वांत मोठ्या रेडिओ दुर्बिणीचा व्यास तीस मीटरसुद्धा नव्हता.

कल्पना अशी होती. प्वेर्तो रिको बेटावर आरेसिबो इथे अमेरिकेने १९६३ मध्ये एक नैसर्गिक खळगा वापरून ३०५ मीटरची तबकडी बसवली होती. चीनच्या नैर्ऋत्येला गुइझोउ प्रांतात चुनखडीचे डोंगर आहेत. पावसाचं पाणी चुनखडी विरघळवत जातं आणि डोंगरांच्या मधोमध वाटीसारखे खळगे तयार होतात. तळाशी जमिनीखाली पाण्याला वाट असते, म्हणून पाऊस साचून राहत नाही. चहूबाजूंच्या डोंगरांमुळे शहरांचा गोंगाट आत येत नाही. अशा खळग्यांत आरेसिबोसारख्या सुमारे तीस तबकड्या बसवायच्या आणि त्या जोडून एक दुर्बीण करायची, हा चीनचा प्रस्ताव होता.

तीस! खोडदलाही तीसच. आकडा वाचून उगीच बरं वाटलं.

१९९४ मध्ये जागेचा शोध सुरू झाला. उपग्रहांच्या चित्रांवरून तीनशेहून जास्त खळगे निवडले होते. आता ते प्रत्यक्ष बघायला हवे होते. बीजिंगहून गुइझोउला जायला तेव्हा रेल्वेने जवळपास दोन दिवस लागत. पुढे रस्ता असेल तिथपर्यंत जीप, नसेल तिथे पायी. कोयत्याने झाडी तोडत चढायचं, पलीकडे उतरायचं, खळगा मोजायचा, पुरेसा गोल आहे का बघायचं. बहुतेक वेळा नसायचा. मग पुढचा. असं सुमारे बारा वर्षं.

मंजुरी मिळालेली नव्हती. पुरेसा पैसा नव्हता. नान या विद्यापीठातून त्या विद्यापीठात जात, लोकांना पटवत, तुमच्याकडचा अमुक विभाग आमचं तमुक गणित सोडवून देईल का म्हणून विचारत. फुकटात, अर्थात. मी हे वाचताना माझ्या त्या बंद पडलेल्या कामाच्या पहिल्या वर्षात होतो. मीही असाच एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होतो, "फक्त अर्धा तास दे" म्हणत. (तुलना चालू द्या. शेवटी माझी फजिती होणारच आहे.)

आणि मग २००६ उजाडलं. त्या आंतरराष्ट्रीय महादुर्बिणीसाठी दोन देशांची नावं पुढच्या फेरीत गेली. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका. चीन त्यात नव्हता.

सगळे लेख या वाक्यावरून भरकन पुढे जातात, कारण पुढे यश आहे. मी मात्र इथे बराच वेळ थांबलो. क्योटोपासूनची तेरा वर्षं. वय एकसष्ट. तीस तबकड्यांचं स्वप्न संपलेलं. माझ्या त्या सोमवारसारखाच एक सोमवार त्यांच्याही वाट्याला आला असेल. कागद आला असेल, कुणीतरी वाचला असेल.

उरलं काय होतं? त्या तिसांतली पहिली, नमुना म्हणून करायची एक तबकडी. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून नान आणि त्यांचे सहकारी या एकट्या दुर्बिणीचा आराखडा वेगळा मांडत होते. तिचं नाव पाचशे मीटर व्यासाची गोलीय दुर्बीण, इंग्रजी आद्याक्षरांनी 'फास्ट'. नाव फास्ट आणि शोधापासून उभी राहायला लागली बावीस वर्षं! २००७ मध्ये चीन सरकारने तिला मंजुरी दिली. पिंगथांग तालुक्यातला दावोदांग नावाचा खळगा ठरला. २०११ मध्ये प्रत्यक्ष बांधकाम सुरू झालं.

आज जगातली ही एवढी मोठी तबकडी बघून लोक अचंबित होतात. ती म्हणजे न झालेल्या एका कामाचा उरलेला तुकडा आहे, हे फार कमी जण सांगतात.

या तुकड्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्यातच नान यांचं खरं डोकं आहे. आरेसिबोची तबकडी स्थिर होती. तिच्यावर सुमारे ९०० टनांचा सांगाडा टांगलेला होता आणि गोल तबकडीतून आलेली किरणं नीट एकत्र करायचं काम त्या सांगाड्यावर सोपवलेलं होतं. पाचशे मीटरला तसं केलं असतं तर टांगायचं वजन आवाक्याबाहेर गेलं असतं. फास्टमध्ये उलटा विचार केला. तबकडीनेच आकार बदलायचा! पोलादी दोरांचं एक जाळं, त्यावर ४४५० पत्रे. जाळ्याला खालून २२०० हून अधिक ठिकाणी दोरांनी खेचणारी यंत्रं. ज्या दिशेला बघायचं त्या बाजूचा तीनशे मीटरचा भाग खेचून-सोडून परवलयाच्या आकारात आणायचा. तारा सरकला की तो आकारही तबकडीवरून सरकत जातो. आणि वर टांगलेली, लहरी टिपणारी पेटी फक्त तीसेक टनांची, सहा मनोऱ्यांवरून सहा दोरांनी धरलेली. पत्र्यांना बारीक भोकं आहेत. त्यातून ऊन-पाऊस खाली जातो आणि तबकडीखाली गवत उगवतं. हे गवत मला फार आवडलं.

पण आकार बदलायचा म्हणजे दोर सतत ताणायचे-सोडायचे. २०१० मध्ये, बांधकाम सुरू व्हायच्या तोंडावर, कळलं की बाजारात मिळणारा एकही दोर हे सहन करत नाही. ५०० मेगापास्कलचा ताण वीस लाख वेळा देऊनही तुटणार नाही असा दोर हवा होता. तसा जगात कुणी केलेला नव्हता. पासष्ट वर्षांचा माणूस पुन्हा कारखान्यात. सुमारे दोन वर्षं, जवळजवळ शंभर फसलेल्या चाचण्या, आणि मग हवा तसा दोर निघाला.

थोंगह्वाची दहा वर्षं इथे कामी आली असं लिहायचा मोह होतो. लिहीत नाही. इतकं सरळ काही नसतं.

२०१५ मध्ये नान यांना फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं निघालं. शस्त्रक्रियेनंतर आवाज बसला. आयुष्यभर सिगारेट ओढलेली. २५ सप्टेंबर २०१६ ला दुर्बीण कार्यान्वित झाली तेव्हा ते आजारी होते, तरी गुइझोउला आले आणि तो दिवस त्यांनी पाहिला. १५ सप्टेंबर २०१७ ला अमेरिकेत बॉस्टनला ते गेले, वय बहात्तर. १० ऑक्टोबर २०१७ ला फास्टने शोधलेले पहिले पल्सार जाहीर झाले. मध्ये पंचवीस दिवस. दीपस्तंभासारखे फिरणारे, ठरावीक ठोक्यांनी लहरी पाठवणारे मेलेले तारे म्हणजे पल्सार. आज फास्टच्या खात्यावर असे हजाराहून जास्त आहेत.

अंत्यविधी साधा करावा, शोकसभा घेऊ नये, असं नान सांगून गेले होते. घरच्यांनी तसं केलं. मग सरकारने बाकीचं सगळं केलं. 'काळाचा आदर्श' ही पदवी, २०१९ मध्ये राष्ट्रीय सन्मान. मधे २०१८ मध्ये एका लघुग्रहाला, क्रमांक ७९६९४, त्यांचं नाव मिळालं. चिनी वर्तमानपत्रांतले त्यांच्यावरचे लेख वाचताना मला शाळेतल्या आदर्श व्यक्तींच्या धड्यांची आठवण आली. त्या धड्यांत कुणीच कधी कंटाळत नाही. कुणाचा संशयही कधी डळमळत नाही.

त्या धड्यांत दावोदांगची माणसंही फारशी येत नाहीत. खळग्याच्या तळाशी पासष्ट माणसांची वस्ती होती. ती हलवली. शांतता हवी म्हणून पाच किलोमीटरच्या परिघातली आणखी सुमारे नऊ हजार माणसं हलवली. धरणांच्या महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे वाचून पुढे जाता येत नाही. आपल्याला आभाळ ऐकायचं असेल तर कुणाला तरी घर सोडावं लागतं, हे त्या दुर्बिणीच्या हिशेबात धरायलाच हवं. नान त्या डोंगरांत बारा वर्षं हिंडले होते, तिथल्या वस्त्या त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. त्यांना काय वाटलं असेल, हे आदर्शांच्या धड्यात मिळत नाही.

आता तो "मग?".

सुरुवातीला मला वाटलं होतं, नान यांची गोष्ट म्हणजे 'चिकाटी ठेवा, फळ मिळतं' अशी असणार. मीटिंगनंतर असल्या गोष्टींचा मला राग यायला लागला होता. पण नीट पाहिलं तर ती तशी नाही. समजा २००७ ची मंजुरी आली नसती. कुठल्यातरी टेबलावर कागद अडला असता, किंवा पैसा दुसरीकडे वळला असता. सहज शक्य होतं. मग नान रेन्दोंग हा एक निवृत्त शास्त्रज्ञ असता, ज्याने बारा वर्षं डोंगरातले खळगे मोजले. त्याच्यावर ना लेख, ना लघुग्रह. खोडदच्या त्या मुलाने त्याचं वाक्य माझ्या मुलीला सांगितलं नसतं.

पण ती बारा वर्षं तीच राहिली असती. तोच कोयता, तीच झाडी. वाटी पुरेशी गोल आहे का हे बघणारी नजर तीच. त्या वर्षांची किंमत २००७ मध्ये बीजिंगच्या एका कागदावर ठरली असं मला मान्य करता येत नाही. मान्य केलं तर माझ्या चार वर्षांची किंमतही त्या वीस मिनिटांत ठरली असं होईल. (त्यातली पाच तर प्रोजेक्टरची होती!)

फजिती आता सांगतो. तुलना इथे तुटते. नान यांना तो प्रश्न प्रिय होता. पाचशे मीटरचं पातं कसं वळवायचं, दोर कसा टिकवायचा, हे त्यांना झोपू देत नव्हतं. मला माझ्या कामात प्रिय काय होतं, हे मीटिंगनंतर पहिल्यांदा शोधायला बसलो आणि यादी फार छोटी निघाली. दोन ओळी. त्यातली एक माझी होती, दुसरी एका सहकाऱ्याची. चार वर्षं वाया गेली असतील तर ती इथे गेली. काम बंद पडलं त्या सोमवारी नव्हे.

१ डिसेंबर २०२० ला आरेसिबोचा टांगलेला सांगाडा दोर तुटून तबकडीवर कोसळला. त्याआधी तीन महिने, सप्टेंबर २०२० मध्ये, पुण्यात गोविंद स्वरूप गेले. २९ जून २०२३ ला जगभरच्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं, की पल्सारांचे ठोके वर्षानुवर्षं मोजून विश्वात पसरलेल्या अतिमंद गुरुत्वलहरींच्या खुणा मिळाल्या आहेत. त्यात चीनच्या गटाचे ठोके फास्टवर मोजलेले होते आणि भारताच्या गटाचे खोडदला. सिडनीच्या त्या तबकड्यांपासून निघालेल्या दोन वाटा इतक्या वर्षांनी एकाच दिवशी एकाच बातमीत आल्या. नान आणि स्वरूप दोघंही ती वाचायला नव्हते.

मुलीला हे सगळं जेवताना सांगितलं. तिने तबकडीखालच्या गवताबद्दलच विचारलं. "ते कापतात का?"

माहीत नाही म्हटलं. पण त्या दिवसापासून माझ्या त्या दोन ओळींतली माझी ओळ घेऊन रोज रात्री तासभर बसतो. कुणी सांगितलेलं नाही. पगारही नाही.